चिनी शाईचित्रांतली फुलं आणि ती काढणारी माणसं

शाईवेडी

चिनी शाईचित्रांबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात एक तक्ता हमखास असतो. मेइ म्हणजे चिवटपणा, ऑर्किड म्हणजे अबोल सज्जनपणा, बांबू म्हणजे सचोटी, शेवंती म्हणजे एकांतवास, कमळ म्हणजे निर्मळपणा, पिओनी म्हणजे श्रीमंती. तक्ता खोटा नाही. पण तो पाठ करून चित्रासमोर उभं राहिलं तर हाती फारसं लागत नाही, कारण मेइची तीच फांदी एका चित्रात देशाच्या कामी येण्याची आस असते आणि दुसऱ्या चित्रात दरबाराला दिलेला नकार. फूल काय बोलतंय हे ते कोणी काढलं, कोणत्या साली काढलं आणि शेजारी कोणती कविता लिहिली यावर ठरतं. मला ज्या चित्रकारांनी वेड लावलं त्यांच्याबद्दल लिहिते. तुम्ही भर घाला.

सुरुवात मेइपासून. इंग्रजी पुस्तकांत हिला प्लम ब्लॉसम म्हणतात. थंडी सरलेली नसते, झाडावर पान एकही नसतं आणि काळ्या वाकड्या फांद्यांवर पाच पाकळ्यांची फुलं येतात. कधी कधी फुलांवर बर्फही पडतं. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेला लिन बू हा कवी हांगझोऊच्या पश्चिम सरोवरातल्या गूशान बेटावर जाऊन राहिला. सरकारी चाकरी केली नाही, लग्न केलं नाही. मेइची झाडं लावली, क्रौंच पाळले. लोक म्हणत, मेइ याची बायको आणि क्रौंच याची मुलं. त्याच्या दोन ओळी चीनमध्ये आजही लोकांना पाठ असतात. आशय असा: उथळ, नितळ पाण्यावर विरळ सावल्या आडव्यातिडव्या पडल्यात, सांजचंद्राखाली मंद गंध तरंगतोय. फुलाचं नाव नाही, रंगाचा उल्लेख नाही. फक्त सावली आणि गंध. माझ्या मते शाईतली मेइ आधी या ओळींत फुलली, कागदावर नंतर आली.

कागदावर ती आणण्याचं श्रेय झोंगरेन या बौद्ध भिक्षूला देतात. ११०० च्या आसपास तो हुनानमधल्या हुआग्वांग मठात होता. चांदण्यात खिडकीच्या कागदावर पडलेली फांदीची सावली पाहून तो नुसत्या शाईत मेइ काढू लागला, अशी आख्यायिका आहे. त्याच्या हातचं काही उरलेलं नाही. पण त्याच्या वाटेने गेलेल्या यांग वूज्यूचा (१०९७–११६९) साडेतीन मीटरहून लांब पट बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे, ११६५ सालचा. एका मित्राने त्याला मेइच्या चार अवस्था मागितल्या होत्या: न उमललेली, उमलू पाहणारी, पूर्ण फुललेली आणि गळायला आलेली. चार फांद्या, चार कविता. यांग तेव्हा सत्तरीला टेकला होता. शेवटच्या फांदीवरची फुलं पाहा. पाकळ्या सुटल्यात, केसर उघडे पडलेत, पण चित्रात कुठेही रडगाणं नाही.

आणि मग सोंग बोरेन. त्याने १२३८ मध्ये मेइच्या शंभर चित्रांचं छापील पुस्तक काढलं. प्रत्येक पानावर लाकडी ठशाने छापलेलं एक फूल, त्याला एक नाव आणि चार ओळींची कविता. पहिल्या पानावर गव्हाच्या दाण्याएवढी कळी आहे. शंभराव्यावर फूल संपून फळ झालेलं आहे आणि त्याची कविता प्राचीन राजाच्या रश्शाच्या पात्राबद्दल आहे. या फळाची आंबट चव रश्शाला लागते तसा चांगला मंत्री राज्याला लागतो, ही फार जुनी उपमा. उत्तरेत मंगोल फौजा होत्या आणि चार वर्षांपूर्वीच, १२३४ मध्ये, त्यांनी जिन साम्राज्य संपवलं होतं. हे ध्यानात घेतलं की शंभर फुलांचा हा प्रवास एका काळजीत पडलेल्या माणसाचा वाटू लागतो. त्याची मेइ चाकरी टाळत नाही. ती देशाच्या कामी येऊ पाहते.

शे-सव्वाशे वर्षांनी वांग म्येन (मृत्यू १३५९) नेमकं उलटं करतो. झेजियांगमधला गरिबाघरचा मुलगा, सरकारी परीक्षेत अपयश, पुढे मंगोल राज्यात पद घ्यायला नकार. त्याच्या मेइच्या चित्रावरची कविता फार प्रसिद्ध आहे: माझ्या घरच्या दौत धुण्याच्या तळ्याकाठी हे झाड आहे, त्याचं फूल नि फूल फिकट शाईच्या डागाने उमललंय. रंग छान आहे असं कोणी म्हणायला नको. निर्मळ गंध तेवढा आकाश आणि धरती भरून राहो.

आता ऑर्किड. इथे मला थोडं रेंगाळायचंय.

१२७९ मध्ये दक्षिण सोंग राज्य संपलं आणि सगळा चीन मंगोलांच्या ताब्यात गेला. सूझोऊच्या झेंग सिश्याओने (१२४१–१३१८) हे कधीच मान्य केलं नाही. तो बसताना दक्षिणेकडे तोंड करून बसे, उत्तरेकडची बोली कानावर आली तर कान झाकून घेई, असं सांगतात. तो ऑर्किड काढायचा, पण जमीन काढायचा नाही. पानं आणि फूल अधांतरी. कोणी विचारलं की म्हणायचा, माती परक्यांनी चोरून नेली, तुम्हाला ठाऊक नाही? त्याचं १३०६ सालचं चित्र जपानमध्ये ओसाकाच्या महापालिका कलासंग्रहालयात आहे. वहीच्या पानाहून फार मोठं नाही. दोन्हीकडे फाकलेली थोडी पानं, मध्ये एक उमललेलं फूल, खाली काही नाही. शेजारी एका मोठ्या शिक्क्यात त्याचे शब्द आहेत: मागाल तर मिळणार नाही, न मागता कदाचित देईन. एका अधिकाऱ्याने कर लादण्याची धमकी देऊन चित्र मागितलं, तेव्हा मुंडकं घ्या, ऑर्किड मिळणार नाही, असं त्याने सुनावल्याची गोष्टही आहे.

ऑर्किडला हे वजन कुठून आलं? कन्फ्यूशियसच्या नावावर एक वचन आहे की ऑर्किड घनदाट रानात उगवतं, आणि हुंगायला कोणी नाही म्हणून गंध द्यायचं थांबत नाही. त्याहून महत्त्वाचा मला चू युआन वाटतो. इसवीसनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकातला छू राज्याचा मंत्री, राजाने हाकललेला, शेवटी नदीत जीव दिलेला. त्याच्या दीर्घ कवितेत तो ऑर्किड अंगावर माळतो आणि राजाने मन फिरवल्याचं दुःख सांगतो. तेव्हापासून ऑर्किडमध्ये निष्ठावंताची उपेक्षा आहे. झेंगने फक्त पायाखालची जमीन काढून घेतली, आणि एवढ्यावर जुन्या प्रतीकात त्याच्या काळाची सगळी कथा आली.

याच झेंगची शेवंतीवरही कविता आहे. शेवंतीचा मूळ धनी ताओ युआनमिंग (३६५–४२७). पाच माप तांदळाच्या पगारासाठी कंबर वाकवणार नाही म्हणत त्याने ८० दिवसांत मामलेदारकी सोडली, घरी येऊन पूर्वेच्या कुंपणाशी शेवंती खुडली आणि निवांतपणे दक्षिणेचा डोंगर पाहिला. त्याची शेवंती शांत आहे. झेंगची शेवंती म्हणते: फांदीलाच गंध कवटाळून मरेन, उत्तरेच्या वाऱ्याने गळून पडणार नाही. उत्तरेचा वारा कोण, हे तेव्हाच्या वाचकाला सांगावं लागलं नसेल.

शेवटी पिओनी, कारण ती या सगळ्यांत अवघडलेली दिसते. श्रीमंतीचं फूल, लुओयांग शहराची शान, भडक रंगांची. ती काळ्या शाईत का काढायची? मिंग काळातल्या शू वेईने (१५२१–१५९३) चित्रावरच उत्तर लिहून ठेवलंय. पिओनी हे ऐश्वर्याचं फूल, तिचं सगळं तेज रंगात. मी ती शाई सांडून काढतो, तेव्हा तिच्यात जीव येतो पण ते तिचं खरं रूप नव्हे. मी मुळात दरिद्री, माझा स्वभाव मेइ-बांबूशी जुळतो, ऐश्वर्याशी माझा काही संबंध नाही. हा माणूस वेडाच्या झटक्यांतून गेला, बायकोचा खून करून सात वर्षं तुरुंगात राहिला, शेवटी चित्रं विकूनही पोट भरेना. त्याच्या ओल्या, फुटत गेलेल्या काळ्या पिओनीत श्रीमंती औषधालाही नाही. आणि तरी मला ती जगातली सगळ्यात देखणी पिओनी वाटते.

----

नवशिका

फार सुंदर. दोन शंका. १) मेइ, ऑर्किड, शेवंती यांच्या पंगतीत बांबू कसा? ते फूल नाही. २) रंग वापरताच येत नव्हते असं तर नाही ना? मग काळ्यावर इतका हट्ट का?

----

शाईवेडी

बांबू फुलासाठी नाहीच. हिवाळ्यात हिरवा राहतो, वाकतो पण मोडत नाही, आतून पोकळ म्हणजे निगर्वी. हे सगळे गुण माणसाचे, म्हणून तो या गटात बसला. मेइ, ऑर्किड, बांबू, शेवंती यांना मिळून चार सज्जन म्हणतात. मिंग काळात १६२० च्या सुमाराला हुआंग फेंगची याने या चौघांचा चित्रसंग्रह छापला, त्यातून हे नाव रूढ झालं. त्याआधीपासून पाइन, बांबू आणि मेइ हे हिवाळ्याचे तीन मित्र होतेच.

रंग भरपूर होते. सोंग सम्राट हुइझोंगच्या दरबारी चित्रशाळेत पाकळीची शीर न् शीर रंगात काढत. शाईचा आग्रह धरला तो लिहिणाऱ्यांनी. सू शी (१०३७–११०१) आणि त्याच्या मित्रांचं म्हणणं असं की फूल हुबेहूब आलं की नाही यावरून चित्र जोखणं पोरकटपणा आहे. त्यांच्याकडे जो कुंचला, जी शाई, जो कागद होता तो पत्र लिहिण्याचा. त्याच सामानात फूल काढलं की हस्ताक्षरासारखाच त्यात माणूस उतरतो, ही धारणा. पुढे मंगोल काळातल्या झाओ मेंगफू या चित्रकार-सुलेखनकाराने तर स्वच्छ लिहिलं की खडक, झाडं आणि बांबू काढताना सुलेखनाच्या वेगवेगळ्या वळणांची रीत लावा.

----

रानजाई

वनस्पतींच्या बाजूने थोडं. मेइ म्हणजे प्रूनस मूमे. ती जर्दाळूची जवळची नातलग, आपण खातो त्या आलुबुखाराच्या त्यामानाने लांबची. चित्रांत फूल फांदीला जवळजवळ चिकटलेलं दिसतं ते अगदी बरोबर आहे, कारण मेइला देठ नसल्यातच जमा. चेरीचं फूल लांब देठावर लोंबतं. जपानी-चिनी चित्रात फूल ओळखायची ही सोपी खूण.

चित्रांतलं ऑर्किड म्हणजे फुलवाल्याकडचं मोठं जांभळं फूल नव्हे. ते जमिनीवर वाढणारं सिंबिडियम, गवतासारखी पानं, बारीक हिरवट-पिवळं फूल, आणि वास मात्र लांबपर्यंत. सह्याद्रीतही सिंबिडियमच्या जाती आहेत, पण त्या झाडांच्या खोडांवर वाढतात. जमिनीवरचं ऑर्किड असल्यामुळेच झेंगने जमीन न काढणं तिथल्या माणसाच्या लगेच डोळ्यांत भरत असणार. आपल्या झाडावरच्या आमरीची मुळं हवेत असली तर कोणाला काही वाटणार नाही.

शेवंतीबद्दल तर मला फारच आनंद झाला. शेवंतीच्या पाकळ्या खरोखर गळत नाहीत. फूल फांदीवरच सुकतं, तपकिरी होतं, तसंच राहतं. फांदीलाच कवटाळून मरेन ही ओळ निरीक्षणातून आलेली आहे. आपल्या देवघरातल्या हारातली जुनी शेवंतीही अशीच राहते.

----

दौत_लेखणी

मी हे शिकतोय म्हणून हाताच्या बाजूने लिहितो.

शाईची कांडी काजळी आणि सरसाची असते. दगडावर थेंबभर पाणी घालून सहाणेवर चंदन उगाळावं तशी ती उगाळायची. पाणी जास्त-कमी करून एकाच शाईतून गडद ते धूसर अशा छटा काढतात. कागद श्वेन नावाचा, मूळ आन्हुई प्रांतातल्या जिंग परगण्याचा. तुरटी न लावलेला कागद शाई क्षणात पितो. रेघ खोडता येत नाही, दुसऱ्यांदा गिरवता येत नाही, गिरवली की लगेच दिसते.

ऑर्किडचं पहिलं पान एका दमात, लांब कमानीत. दुसरं त्याला छेदून जातं आणि दोघांमध्ये डोळ्यासारखी फट राहते. तिला फिनिक्सचा डोळा म्हणतात. तिसरं पान तो डोळा फोडून बाहेर पडतं. हात दाबला की पान रुंदावतं, उचलला की निमुळतं होतं, म्हणजे पान वळलंय असं वाटतं. पानाची सुरुवात खिळ्याच्या डोक्यासारखी, मध्य प्रार्थनाकीटकाच्या पोटासारखा, शेवट उंदराच्या शेपटीसारखा, असं पाठ करून घेतात. फूल फिकट शाईत, पाच पाकळ्या, आणि मध्ये दोन-तीन काळेभोर ठिपके. ते ठिपके पडेपर्यंत फूल मेलेलं असतं. कागदावर ते पडल्यावर काय होतं ते स्वतः करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

मेइच्या पाकळ्यांच्या दोन पद्धती आहेत. झोंगरेन शाईच्या ठिपक्यांनी पाकळी करायचा असं म्हणतात. यांग वूज्यूने बारीक रेघेने पाकळीची कड काढून आत कोरा कागद ठेवला. दुसऱ्या पद्धतीत फूल खरोखर पांढरं दिसतं. फांदी काढतानाच फुलांसाठी जागा सोडावी लागते, म्हणजे जे अजून नाही त्याचा विचार आधी. हे सगळं १७०१ मध्ये नानजिंगला छापलेल्या ‘मोहरीच्या दाण्याची बाग’ या नावाच्या चित्रपाठांच्या पुस्तकात पायरीपायरीने दिलंय. ऑर्किड, बांबू, मेइ, शेवंती हाच त्यातला क्रम. आजही बहुतेक शिक्षक त्याच क्रमाने शिकवतात.

----

चौकटीबाहेर

लेख आवडला, पण एक प्रामाणिक आक्षेप. हे सगळे पद नाकारणारे, एकांतात राहणारे सज्जन पुरुष. निर्मळ गंध, निष्ठा, त्याग. चित्रं विकली जातच नव्हती का? बायका कुठे होत्या? की फुलांचे हे अर्थ म्हणजे एका वर्गाने स्वतःचंच केलेलं कौतुक?

----

शाईवेडी

आक्षेप रास्त आहे, आणि याला उत्तर देणारे चित्रकारही आहेत.

झेंग बानच्याओ (१६९३–१७६५) घ्या. शानदोंगमधल्या वेइश्यानचा मामलेदार. दुष्काळात सरकारी धान्याची कोठारं उघडली. तिथल्याच बांबूच्या चित्रावर त्याने लिहिलं की कचेरीत पडल्या पडल्या बांबूची सळसळ ऐकतो तेव्हा ती लोकांच्या हालअपेष्टांचा आवाज वाटते. चाकरी सुटल्यावर यांगझोऊला येऊन चित्रांवर जगला. १७५९ मध्ये त्याने दरपत्रक लावलं: मोठं चित्र ६ ल्यांग (हे चिनी वजन) चांदी, मधलं ४, छोटं २, जोडओळी १ ल्यांग, पंखा अर्धा. पुढे लिहिलं की भेटवस्तू आणि खाऊ आणण्यापेक्षा रोख चांदी बरी. मला यात ऑर्किडचा अपमान दिसत नाही. मिठाच्या व्यापाऱ्यांच्या श्रीमंत शहरात हा माणूस स्वतःच्या श्रमाची किंमत उघड सांगतोय, कोणाची मेहेरबानी मागत नाहीये.

त्याने प्रतीकही बदललं. तो ऑर्किडमध्ये काटेरी झुडपं काढतो आणि लिहितो की काट्यांना सामावून घेतल्याशिवाय ऑर्किड ऑर्किड होत नाही. रानातलं एकटं, सोवळं फूल त्याने गर्दीत आणून उभं केलं. मामलेदारकी केलेल्या माणसालाच हे सुचावं.

बायकांबद्दल: गुआन दाओशेंग (१२६२–१३१९) बांबूसाठी नावाजलेली होती. आणि मा शोउझेन (१५४८–१६०४) नानजिंगच्या च्छिनह्वाई नदीकाठची गणिका. ऑर्किड इतकं काढलं की शियांगलान, म्हणजे शियांगकाठचं ऑर्किड, याच नावाने ओळखली गेली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात तिचं १५७२ सालचं ऑर्किड आणि खडक आहे. जिचं घरच गिऱ्हाइकांसाठी उघडं, तिने कोणी नसलं तरी दरवळणारं फूल स्वतःचं म्हणून निवडलं. बाकीच्यांनी ते फूल वारशाने घेतलं, हिने ते जिंकून घेतलं असं मला वाटतं.

----

पारिजात

कमळ सुटलं का? आपल्याला सगळ्यात जवळचं तेच. चिखलातून येऊन चिखल न लागणारं कमळ आपल्याकडे गीतेतही आहे, पद्मपत्रमिवाम्भसा. चीनमध्ये हे बौद्ध धर्माबरोबर गेलं ना?

----

शाईवेडी

कमळ तिथे आधीपासून होतंच, त्याचा धार्मिक अर्थ मात्र बौद्ध धर्माने नेला. पण चित्रकारांच्या मनात जे कमळ आहे ते बरंचसं झोउ दुन्यीचं (१०१७–१०७३). त्याने कमळाच्या प्रेमावर अगदी छोटा निबंध लिहिला. चिखलातून येतं पण डागत नाही, लाटांनी धुतलं जातं पण नखरेल होत नाही. देठ आतून पोकळ, बाहेरून सरळ, त्याला ना वेली ना फांद्या. गंध जितका लांब जाईल तितका निर्मळ. दुरून पाहावं, हाताळू नये. शेवंती फुलांतली एकांतवासी, पिओनी श्रीमंत, कमळ सज्जन. हा कन्फ्यूशियन विचारवंत, आणि त्याने बौद्धांचं फूल घेऊन त्याला सरळ कण्याचा गृहस्थ केलं. पुढे हळहळतो की ताओनंतर शेवंतीवर प्रेम करणारा क्वचितच ऐकू येतो, पिओनीवाले मात्र ढीगभर.

आणि मग बादा शानरेन (१६२६–१७०५). मिंग राजघराण्यातला, नानचांगचा. १६४४ मध्ये मिंग सत्ता कोसळली तेव्हा विशीही उलटली नव्हती. जीव वाचवायला भिक्षू झाला, अनेक वर्षांनी वेडाच्या भरात मठ सोडला. त्याची कमळं पाहिली की झोउचा निबंध उलटा टांगलाय असं वाटतं. देठ अतोनात लांब आणि लवलेले, पानं फाटकी, काळी, ओली, आणि एखादा पक्षी एका पायावर, मान अंगात घेऊन, वटारलेल्या डोळ्यांनी बघतोय. सही अशी जोडून करायचा की ती रडतो किंवा हसतो अशी वाचता येते. १६९७ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्याने नदीकाठच्या कमळांचा सुमारे १३ मीटर लांबीचा पट काढला. तो त्यान्जिनच्या संग्रहालयात आहे. सुरुवातीला कमळं दाट आणि भरलेली, मग खडक, कोरडे उतार, आणि शेवटी फुलं जवळजवळ नाहीतच. पूर्ण आयुष्य एका कागदावर. माझं सगळ्यात लाडकं चित्र हे.

----

गिरगावकर

मुंबईशी जोडणारे दोन धागे माहीत आहेत ते देतो.

पारशी बायकांचा गारा, म्हणजे भरतकामाची साडी. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कँटनशी व्यापार करणारे पारशी तिथून भरतकाम केलेलं रेशीम आणत. त्यावर हीच फुलं आहेत: पिओनी, शेवंती, कमळ, मेइ, मध्ये बांबू आणि क्रौंच. इथे आल्यावर नक्षींना घरगुती नावं पडली. एकीला कांदा-पपेटा म्हणजे कांदा-बटाटा, एकीला करोलिया म्हणजे जाळं विणणारा कोळी. ताओ युआनमिंगचं कुंपण मागे राहिलं आणि लग्नसमारंभाचा थाट तेवढा आला. मला यात तोटा वाटत नाही. चीनमध्येही रेशमावरची पिओनी शुभच होती, नकार देणारी फुलं मुख्यतः कागदावर होती. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांनी दिलेला चिनी-जपानी वस्तूंचा संग्रह आहे. तिथल्या भांड्यांवर ही फुलं ओळखत फिरा, हा धागा वाचल्यावर मजा येईल.

दुसरा धागा अजिंठ्याचा. कमळांसाठी विसाव्या शतकात सगळ्यात गाजलेला चित्रकार झांग दाच्येन (१८९९–१९८३). त्याने १९४० च्या दशकात वायव्य चीनमधल्या दुनहुआंगच्या बौद्ध गुहांतली भित्तिचित्रं उतरवून घेतली होती. १९५० मध्ये तो भारतात आला, दिल्लीत त्याचं प्रदर्शन झालं, आणि दुनहुआंगशी ताडून पाहायला तो अजिंठ्याला गेला. नंतर काही काळ दार्जिलिंगला राहिला. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी हातात कमळ घेऊन उभा आहे, त्याच्यासमोर हा कमळांचा चित्रकार उभा राहिला असेल, या विचाराने मला भरून येतं.

----

दौत_लेखणी

या अर्थांची विसाव्या शतकात जी अवस्था झाली तीही इथे नोंदवायला हवी.

१९६१ च्या डिसेंबरात माओने मेइवर कविता लिहिली. बाराव्या शतकातल्या लू योउच्या कवितेला उत्तर म्हणून, त्याच छंदात. लू योउची मेइ मोडक्या पुलाशी एकटी आहे, वाऱ्यापावसात झोडपलेली, चिखल होऊन तुडवली तरी गंध तोच. माओची मेइ बर्फाच्या कड्यावर फुलते, वसंतावर हक्क सांगत नाही, तो आल्याची वर्दी देते आणि सगळी फुलं आली की त्यांच्यात हसते. एकाकी फूल क्रांतीचं झालं.

पण दहा-बारा वर्षांतच फुलांवरून माणसं अडकली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पंतप्रधान झोउ एनलाय यांच्या पुढाकाराने जुन्या चित्रकारांना परत बोलावून हॉटेलांसाठी आणि परदेशी विक्रीसाठी चित्रं काढून घेतली होती. फेब्रुवारी १९७४ मध्ये त्यातलीच कित्येक बीजिंगमध्ये काळी चित्रं म्हणून मांडली गेली, निषेधासाठी. ली कुछानने कमळं काढली होती. कोणीतरी फुलं मोजली, ती आठ भरली. सरकारने गौरवलेले क्रांतिकारी आदर्श नाट्यप्रयोग आठ, आणि याने आठ कोमेजती कमळं काढली, असा आरोप ठेवला. तेव्हा तो सत्तरी पार केलेला म्हातारा होता. झेंग सिश्याओचं चित्र वाचणारे वाचक आणि हे वाचक एकाच परंपरेतले आहेत, याचा मला फार त्रास होतो. फुलात माणूस शोधायची सवय इतकी खोल, की न घातलेला अर्थही काढला जातो आणि त्याची शिक्षा होते.

----

चौकटीबाहेर

हे वाचून माझा आक्षेप थोडा सरकला. वर्गाचं कौतुक हा एक भाग झाला. पण उघड बोलायची सोय नसलेल्या ठिकाणी फूल हा बोलण्याचा मार्ग होता, आणि तो मार्ग पहारेकऱ्यांनाही माहीत होता. मा शोउझेनबद्दल अजून लिहा, स्वतंत्र धागा काढा.

----

नवशिका

खूप मिळालं या धाग्यावर. आता सांगा, घरबसल्या नीट मोठी करून पाहता येतील अशी चित्रं कुठे आहेत? आणि कोणतं आधी पाहू?

----

शाईवेडी

मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या संकेतस्थळावर झाओ मेंगच्येनचा तेराव्या शतकातला नार्सिससचा पट आहे, पावणेचार मीटरच्या आसपास. तैपेइच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात त्याचेच हिवाळ्याचे तीन मित्र आहेत, तेही संकेतस्थळावर पाहता येतात. नार्सिसस आधी पाहा. पट उजवीकडून डावीकडे उलगडत जायचं, एका वेळी हातभर रुंदीचाच तुकडा पडद्यावर ठेवायचा, सगळा एकदम लहान करून पाहायचा नाही. पानं मागेपुढे कशी गुंततात आणि शाईची छटा बदलून कोणतं पान पुढे, कोणतं मागे हे कसं कळतं, ते बघत जा. झाओ हा सोंग राजघराण्यातला, आणि पट त्याच्या राज्याच्या शेवटच्या दशकांतला. पुढच्या पिढ्यांनी या पाणफुलांत हरवलेलं राज्य पाहिलं. पटाला नंतर जोडलेले मजकूर चित्र पाहून झाल्यावर पाहा. मा शोउझेनवर स्वतंत्र धागा काढते.